येशूच्या धर्माला आपण प्रश्न का विचारतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



यंदा काय बोलावं असा प्रश्न मला पडला नाही, कारण विषय आपल्या युवक मंडळानेच दिला. मंडळातली मुलं मला म्हणाली, "काका, आपण बौद्ध. आपण ईश्वर मानत नाही, आत्मा मानत नाही. मग जे मानतात त्यांच्याशी वाद कशाला घालायचा? ख्रिस्ती लोक त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करतात, आपण विहारात वंदना घेतो. त्यांच्या येशूबद्दल, बायबलबद्दल प्रश्न विचारून आपल्याला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. मी काही विद्वान नाही. सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण वाचनालयात, युनियनच्या ऑफिसात आणि चळवळीत झालं. तेव्हा माझ्या कुवतीप्रमाणे उत्तर देतो.

हा विषय आपल्याकडे हवेतून आलेला नाही. शिरूरला, ज्याला आपली जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, तिथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. या मिशनने १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, काम सुरू केलं आणि तिथून ते खेड्यापाड्यांतल्या महारवाड्यांत, मांगवाड्यांत पोचलं. त्यामुळे आपल्या भाऊबंदांतली कित्येक घरं तीन-चार पिढ्यांपूर्वीच ख्रिस्ती झाली. दौंड तर रेल्वेचं जंक्शन. नोकरीच्या निमित्ताने तिथे ख्रिस्ती कुटुंबं आली आणि तिथलीच झाली. आणि दौंड तालुक्यातच, पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. म्हणजे ज्यांच्याशी बोलायचं ती कोणी परकी माणसं नाहीत. आपण एकमेकांच्या लग्नाला जातो, मयताला खांदा देतो, एकाच नळावर पाणी भरतो.

अशा वेळी दोन सोपी उत्तरं मिळतात. एक म्हणजे, सगळे धर्म सारखेच, कोणाला काही बोलू नये. दुसरं म्हणजे, हे लोक आमची माणसं फोडतात, यांना वस्तीत येऊ देऊ नका. मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिल्यात विचार करायचा कंटाळा आहे आणि दुसऱ्यात दांडगाई आहे.

आता इतिहास पाहू. जॉन विल्सन नावाचे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला. पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत सभा घेऊन मिशनऱ्यांशी वाद घातला. विष्णुबुवांचे काही विचार काळाच्या पुढचे होते, हे कबूल करायला हवं. पण वेद खरे आहेत हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. बायबलाला विचारलेला प्रश्न आपल्या पोथीला विचारायचा नाही, अशी ही रीत. याला मी चिकित्सा म्हणत नाही. ही एका श्रद्धेची दुसऱ्या श्रद्धेशी लागलेली कुस्ती झाली. कोणी जिंकलं तरी बघणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहतं.

खरी चिकित्सा जोतीराव फुल्यांनी केली. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांच्या मनाने उचल घेतली आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांनी शूद्रातिशूद्रांना अक्षरओळख दिली, हे उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत. त्यांचे मित्र बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. जोतीराव मात्र झाले नाहीत. का झाले नाहीत? तर त्यांनी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलेलं होतं. याच पेनने १७९४ साली 'एज ऑफ रीझन' लिहून बायबलाची चिकित्सा केली होती. ते पुस्तक छापलं म्हणून पुढे १८१९ साली रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकाला इंग्लंडमध्ये तुरुंगात जावं लागलं. म्हणजे ख्रिस्ती धर्माला प्रश्न विचारणारे पहिले लोक ख्रिस्ती देशांतच निघाले आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली, हे आपण विसरता कामा नये.

जोतीरावांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालं. कोणत्याही धर्मपुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत सत्यच आहे असं नाही, ती सगळी माणसांनी लिहिलेली आहेत, असं त्यांनी त्यात स्वच्छ मांडलं. आणि त्याच पुस्तकात ते असंही सांगतात की एकाच घरात बाईने बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता गुण्यागोविंदाने राहावं. बघा, चिकित्सा पण पुरी आणि माया पण पुरी. आपल्याला नेमकं हेच शिकायचं आहे.

१८७३ हे साल मुलांनी पाठ करून ठेवावं. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच्या महिनाभर आधी, २६ आणि २८ ऑगस्टला, श्रीलंकेत पानदुरा या गावी मिगेट्टुवत्ते गुणानंद या भन्तेंचा ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी हजारो लोकांसमोर वाद झाला. भन्तेंनी बायबलातलाच दाखला काढला. उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलंय की माणूस निर्माण केल्याचा देवाला पश्चात्ताप झाला. मग भन्तेंनी विचारलं, जो पुढचं सगळं जाणतो त्याला पश्चात्ताप कसा होईल? समोरून डेव्हिड डी सिल्वा यांनीही अवघड प्रश्न टाकला. तुम्ही आत्मा मानत नाही, मग पुनर्जन्म होतो तो कोणाचा? त्याचं उत्तर भन्तेंना द्यावं लागलं. या वादाचा इंग्रजी वृत्तांत वाचून कर्नल ऑल्कॉट हे अमेरिकन गृहस्थ १८८० साली श्रीलंकेत आले आणि त्यांनी पंचशील घेतलं. वाद नीट झाला तर दोन्ही बाजूंना अभ्यास करावा लागतो. आपल्यातल्या किती जणांना डी सिल्वांच्या त्या प्रश्नाचं उत्तर देता येईल? घरी जाऊन 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा, त्यात बाबासाहेबांनी त्याचा विचार केलेला आहे.

आता आपल्या केडगावकडे येतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतच्या गाढ्या विदुषी. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथेच त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे मोठा गदारोळ झाला. तेव्हा त्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? जोतीराव. १८८५ साली 'सत्सार' काढून त्यांनी रमाबाईंची बाजू मांडली. पण मला आज दुसरी गोष्ट सांगायची आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपलं डोकं चर्चकडे गहाण ठेवलं नाही. ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांतल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडक वाद घातला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक देव कसा? येशू स्वतःच देव कसा? क्रूसावर लॅटिनच अक्षरं का, संस्कृत का नकोत? इथल्या पुरोहितांचं जू मी मानेवरून उतरवलं, ते दुसऱ्याचं जू चढवायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनाच प्रश्न विचारायला केवढी हिंमत लागली असेल!

पुढे त्यांची श्रद्धा पक्की झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुलींना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. एका वेळी दीड हजारांहून जास्त मुली-बायका तिथे राहत. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी अख्ख्या बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ साली त्यांचं निधन झालं. त्यांच्या कामापुढे मी हात जोडतो. पण १९०५ साली याच केडगावात जे झालं त्याबद्दल मला प्रश्न आहे. प्रार्थनेत मुली थरथरू लागल्या, मोठमोठ्याने रडू लागल्या, अनोळखी भाषा बोलू लागल्या, आणि हे पवित्र आत्म्याचं येणं आहे असं मानलं गेलं. जगातल्या पेंटेकोस्टल पंथाच्या इतिहासात त्यासाठी आपल्या केडगावचं नाव घेतात. आता मला सांगा, आपल्याकडे जत्रेत बाईच्या अंगात येतं तेव्हा आपण म्हणतो ही अंधश्रद्धा, हा मनावरचा ताण. मग चर्चमध्ये अंगात आलं तर वेगळं कसं? जो प्रश्न मरीआईला, तोच पवित्र आत्म्याला. ज्या बाईने सिस्टर जेराल्डिनला प्रश्न विचारले, तिच्या गावात आपण प्रश्न विचारला तर तो तिचा अपमान होत नाही.

मित्रहो, आता मुख्य मुद्द्यावर येतो. ईश्वर न मानणारा माणूस ख्रिस्ती श्रद्धेला प्रश्न का विचारतो, याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण हक्काचं. येशूशिवाय तारण नाही, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. हे वाक्य फक्त चर्चमध्ये बसलेल्यांसाठी नाही. ते तुमच्या-माझ्याबद्दल, आपल्या मेलेल्या आई-बापांबद्दलही आहे. जो माझ्या दारात येऊन म्हणतो की तू पापी आहेस आणि तुझी सुटका माझ्याजवळ आहे, त्याने मला प्रश्न विचारायचा हक्क आपण होऊनच दिला. राज्यघटनेच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपल्या धर्माचा प्रचार करायचा अधिकार दिला आहे. तो त्यांना आहे आणि असलाच पाहिजे. पण प्रचार करणाऱ्याला बोलायचा हक्क, म्हणजे ऐकणाऱ्याला 'कशावरून?' म्हणायचा हक्क. तथागतांनी तर कालामांना सांगितलं की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका.

दुसरं कारण बाबासाहेबांनी दाखवलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी घोषणा केली की हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर ख्रिस्ती, मुसलमान, शीख सगळे त्यांच्याकडे आले. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा पुरा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात छापले आहेत. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचं त्यांनी कौतुक केलं. पण दोन गोष्टी बोट ठेवून दाखवल्या. एक, दक्षिणेत चर्चमध्ये गेल्यावरही जात सुटली नाही. बसायची जागा वेगळी, दफनभूमी वेगळी. आणि दुसरी गोष्ट पापाची. हिंदू असताना आपल्या माणसाला सांगत, तुझं दुःख तुझ्या मागच्या जन्मीच्या कर्माने आलं. ख्रिस्ती झाल्यावर सांगतात, माणसाची अधोगती पूर्वजाच्या, आदामाच्या पापाने झाली. बाबासाहेबांचं म्हणणं असं की दोन्हीकडे त्याची सुटका नाही, कारण ज्याने त्याला लुबाडलं, गावाबाहेर ठेवलं, त्या समाजव्यवस्थेचं नाव कोणीच घेत नाही.

या मुद्द्यावर जरा थांबून विचार करा. मी गिरणीतला माणूस आहे. पगार कमी पडतो, तेव्हा तो माझ्या पापाने कमी पडत नाही. त्याला कारणं आहेत, ती शोधता येतात, त्यावर लढता येतं. ज्या दिवशी मी म्हणेन की मी पापी म्हणून माझी ही दशा, त्या दिवशी युनियन संपली. म्हणून 'मूळ पाप' ही काही पाद्र्यांनी आपसात चर्चा करायची गोष्ट नाही. ती आपल्या पाठीच्या कण्याची गोष्ट आहे. बुद्धांनी मोक्ष देतो असं कधी म्हटलं नाही. ते मार्गदाता, मोक्षदाता नव्हेत, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते यासाठीच.

तिसरं कारण जिवाचं आहे. आपल्या भागात आता चंगाई सभा भरतात. आमच्या ओळखीतली एक लेक. गावाचं नाव सांगत नाही. तिला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, फुकट मिळतात. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं, रंग पालटला. त्याच सुमारास ती प्रार्थनेला जायला लागली होती. तिथे तिने उभं राहून साक्ष दिली की येशूने मला बरं केलं. गोळ्या बंद कर असं तिला तिथे कोणीही सांगितलं नव्हतं, हे तीच सांगते. पण येशूने बरं केलं तर गोळ्या कशाला, असं तिने स्वतःच ठरवलं. काही महिन्यांनी खोकला परत आला, आणि या वेळी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय होऊन आला. आता उपचार लांबले आहेत, गोळ्यांचा त्रासही जास्त आहे. क्षयाचे जंतू अर्धवट औषधाने मरत नाहीत, उरलेले निबर होतात. बरं कोणी केलं, या प्रश्नाचं उत्तर चुकलं की असं होतं. म्हणून आम्ही विचारतो, बाबा, बरं कोणी केलं?

हाच प्रश्न मदर तेरेसांच्या बाबतीत जगभर विचारला गेला. पश्चिम बंगालमधल्या मोनिका बेस्रा या आदिवासी बाईच्या पोटातली गाठ मदर तेरेसांच्या कृपेने गेली, हा चमत्कार धरून २००३ साली संतपदाची पहिली पायरी जाहीर झाली आणि २०१६ साली मदर तेरेसा संत झाल्या. त्या बाईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मात्र जाहीर सांगितलं होतं की ती क्षयाच्या औषधांनी बरी झाली. मदर तेरेसांनी रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला उचललं, हे खरंच. त्यासाठी त्यांचा मान ठेवायला चमत्काराची गरज काय?

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याला इर्ला इथल्या वेलंकणी माता चर्चजवळच्या येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक तीर्थ म्हणून पाणी नेऊ लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं, तर जवळचं गटार तुंबलं होतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते पाणी भिंतीतून वर चढत होतं. हे सांगितलं म्हणून त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले. आता विचार करा, लेकरांच्या तोंडात गटाराचं पाणी जाऊ नये म्हणून बोलणारा माणूस भक्तांचा शत्रू की मित्र? या एडामारुकूंचे वडील ख्रिस्ती घराण्यातलेच. त्यांच्या आधीचे अब्राहम कोवूर, ज्यांनी चमत्कार करून दाखवणाऱ्याला लाख रुपयांचं आव्हान दिलं, ते तर धर्मगुरूचेच चिरंजीव. घरातलं पाणी कुठे मुरतं हे घरातल्या माणसालाच आधी दिसतं.

आता थोडं कडू बोलतो, राग मानू नका. दुसऱ्याला लावलेली फूटपट्टी आपल्याला लावली नाही, तर आपणही मोरभटांच्या रांगेत जाऊन बसू. परित्राण पाठाचा पांढरा धागा मनगटाला बांधला की परीक्षेत पास होतो, ते पाणी शिंपडलं की घरातली पीडा जाते, असं आपल्यातली किती माणसं मानतात? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आणि लग्नाची तारीख काढायला पंचांग! चंगाई सभेला हसायचं आणि आपला धागा कुरवाळायचा, हे बाबासाहेबांना चाललं नसतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून सगळ्याच धर्मांतल्या बुवाबाजीला प्रश्न विचारले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ज्यांच्याकडे उत्तर नसतं ते गोळी घालतात.

म्हणून वादाची मर्यादाही सांगतो. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स या मिशनऱ्याला त्यांच्या दोन लहान मुलांसह गाडीत जिवंत जाळलं. ते कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. प्रार्थना सभेवर दगड मारणारे, चर्चची मोडतोड करणारे आपल्याला म्हणतील, तुम्हीही त्यांच्या विरोधात, आम्हीही, चला बरोबर. त्यांना ठणकावून नाही म्हणायचं. आपला वाद श्रद्धेशी आहे, माणसाशी नाही. उद्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरावर कोणी चालून आलं, तर त्या दारात पहिला बौद्ध तरुण उभा पाहिजे. आणि न्यायाचं बोलायचं तर हेही बोला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदू दलितांना होत्या. १९५६ ला शिखांना मिळाल्या, केंद्रात आपल्याला १९९० ला मिळाल्या. ख्रिस्ती दलिताला त्या अजून नाहीत. धर्म बदलून त्याची गरिबी आणि जात सुटली नसेल, तर त्याच्या हक्काच्या मागणीला आपण पाठिंबा दिला पाहिजे. त्याच्या त्रैक्यावर वाद घालू आणि त्याच्या मोर्चात चालूही.

शेवटचा मुद्दा. त्या आजारी लेकीला मी विचारलं होतं, तू तिथे का जायला लागलीस? ती म्हणाली, "तिथं मला ताई म्हणून जवळ बसवलं. क्षय आहे म्हणून कोणी लांब सरकलं नाही. माझं नाव घेऊन प्रार्थना केली." यावर बायबलातली कोणतीही विसंगती दाखवून उपयोग नाही. माणूस तर्काने पटला म्हणून तिकडे गेला नव्हता, तो तर्काने परतणारही नाही. माणूस मायेला गेला. आपल्याला वाद घालायचा असेल तर आधी त्या खाटेशेजारी बसावं लागेल, गोळ्यांची वेळ झाली का हे विचारावं लागेल, दवाखान्यात तिच्याबरोबर रांगेत उभं राहावं लागेल. मग तिने विचारलं, काका, येशूने बरं केलं नाही का? तर त्या वेळी खरं उत्तर द्यायचा अधिकार आपल्याला पोचतो.

म्हणून समितीला माझ्या दोन सूचना आहेत. विहाराच्या वाचनालयात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', 'सार्वजनिक सत्यधर्म' यांच्या शेजारी एक मराठी बायबल ठेवा. न वाचता वाद घालणारा माणूस ऐकीव गोष्टींवर भांडतो. आणि दुसरं, वस्तीत कोण आजारी आहे, कोणाच्या गोळ्या चालू आहेत, याची एक वही विहारात ठेवा, आणि महिला मंडळ आणि युवक मंडळाने आळीपाळीने दर रविवारी वंदनेनंतर त्या घरांना जाऊन यावं. त्यात बौद्ध घर, ख्रिस्ती घर, मातंग घर असा भेद नको. मी माझ्या पाळीची सुट्टी पाहून पहिल्या रविवारी यायला तयार आहे.

मुलांनो, तुम्ही विचारलंत की प्रश्न विचारून आपल्याला काय मिळणार. आपल्याला माणूस मिळेल. नाही पटलं तर मलाही विचारा, कशावरून?



जयभीम. नमो बुद्धाय.